सीडीसी क्रॉसमॅच निगेटिव्ह, पण डीएसए पॉझिटिव्ह: नवऱ्याची किडनी बायकोला बसवताना काय धरायचं?

टिपणवही

नमस्कार मंडळी. किडनी प्रत्यारोपण समन्वयकांच्या प्रशिक्षणासाठी मराठीत टिपणं तयार करते आहे. प्रत्येक मुद्दा एका रुग्णाच्या आधारे समजवायचा, असं ठरवलंय. रुग्ण कल्पित आहे, आकडे मात्र रोज दिसणारे घेतलेत.

पत्नी रुग्ण, वय ३८, वजन ५५ किलो, रक्तगट बी. दोन बाळंतपणं झालेली. डायलिसिसवर असताना दोन पिशव्या रक्त दिलेलं. दाता नवरा, रक्तगट ओ. क्रॉसमॅच म्हणजे रुग्णाचं सिरम दात्याच्या पेशींशी लावून बघणं; डीएसए म्हणजे दात्याच्या एचएलए (पेशीवरच्या ओळखखुणा) विरुद्धची अँटिबॉडी. अहवाल असे:

सीडीसी क्रॉसमॅच, डीटीटीसह: टी पेशी निगेटिव्ह, बी पेशी निगेटिव्ह.
फ्लो क्रॉसमॅच: टी निगेटिव्ह, बी हलका पॉझिटिव्ह.
सिंगल अँटिजेन बीड: नवऱ्याच्या ए२४ या एचएलए विरुद्ध एमएफआय (मण्यावरच्या चकाकीचा आकडा) १,४००, डीक्यू६ विरुद्ध ४,२००.

तीन ठिकाणी अडले आहे.

१. एकच सिरम, एकच दाता, तरी तीन तपासण्या तीन गोष्टी का सांगतात? विश्वास कशावर ठेवायचा?
२. समजा तिन्ही स्वच्छ निगेटिव्ह आल्या असत्या. तरीही टॅक्रोलिमस वगैरे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर का? 'मॅच झालं' म्हणजे नेमकं काय झालं?
३. नंतर क्रिएटिनिन वाढलं तर बायोप्सीचा एवढा आग्रह का? तीन दिवस स्टिरॉइड देऊन बघायला काय हरकत?

पाठ्यपुस्तकातली व्याख्या नको, ती आहे माझ्याकडे. टेबलावर बसलेल्या माणसाला काय सांगायचं ते हवंय.

---

ट्रेवाला

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, तो माझ्या टेबलावरचा आहे.

तिन्ही तपासण्या खरंच बोलताहेत, फक्त प्रत्येकीला विचारलेला प्रश्न निराळा आहे.

सीडीसीचा प्रश्न: या सिरममधली अँटिबॉडी दात्याची पेशी *मारू* शकते का? तेरासाकी ट्रेच्या खळग्यात १ मायक्रोलिटर सिरम, त्यात दात्याच्या साधारण २,००० लिम्फोसाइट (टी आणि बी या पांढऱ्या पेशी). अर्धा तास ठेवायचं. मग ५ मायक्रोलिटर सशाचं कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडी बसलेली पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं), आणखी एक तास. नंतर रंग घालून मोजायचं. मेलेली पेशी रंग पिते, जिवंत पेशी पीत नाही. २० टक्क्यांच्या वर मृत पेशी म्हणजे पॉझिटिव्हकडे झुकलं, ८० च्या वर म्हणजे जोरदार. यासाठी अँटिबॉडी भरपूर हवी आणि कॉम्प्लिमेंट बांधणाऱ्या जातीची हवी. थोडी असेल तर पेशी जिवंत राहते आणि आम्ही निगेटिव्ह लिहितो. डीटीटी हे रसायन टाकलं की आयजीएम जातीच्या अँटिबॉडीचे तुकडे होतात. उरतो आयजीजी जातीचा परिणाम, तोच आपल्या कामाचा.

फ्लोचा प्रश्न: अँटिबॉडी पेशीला *चिकटते* का? मारलं-नाही मारलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, म्हणून ती जास्त संवेदनशील.

बीडचा प्रश्न: अँटिबॉडी *कोणत्या* एचएलए विरुद्ध आहे? इथे पेशी नाहीच, एका मण्यावर एकच एचएलए.

आता तुमच्या उदाहरणाकडे. क्लास एकचे एचएलए (ए, बी, सी) टी आणि बी दोन्ही पेशींवर असतात. क्लास दोनचे (डीआर, डीक्यू, डीपी) शांत टी पेशीवर नसतात, बी पेशीवर असतात. डीक्यू६ विरुद्ध ४,२०० असेल तर टी निगेटिव्ह आणि बी हलका पॉझिटिव्ह हेच यायला हवं. ए२४ विरुद्धची १,४०० एवढी कमी आहे की फ्लोच्या टी पेशीवरही दिसली नाही. म्हणजे तिन्ही अहवाल एकमेकांना पुष्टी देतात. भांडण नाहीच.

ही अँटिबॉडी आली कुठून? मुलाकडे बापाचा अर्धा एचएलए संच असतो. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि आईची प्रतिकारशक्ती बापाचा एचएलए तिथेच ओळखायला शिकते. म्हणून नवरा ते बायको ही जोडी बायको ते नवरा या जोडीपेक्षा वेगळी वाचायची. एचएलए टायपिंगच्या कागदावर दोन्हीकडे मिसमॅच तेवढेच दिसतील, पण बाळंतपण एकीचंच झालेलं असतं. शक्य असेल तर मुलांचंही टायपिंग बघा. ए२४ आणि डीक्यू६ दोन्ही मुलांना गेले असतील तर चित्र पूर्ण होतं.

एमएफआय वाचताना लोक जिथे फसतात ते सांगतो.

एमएफआय म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण नव्हे, ती चकाकी आहे. एका प्रयोगशाळेतले ४,२०० दुसरीत ३,००० किंवा ५,५०० निघू शकतात. बरेच ठिकाणी १,००० च्या आसपास रेघ ओढतात, पण ती रेघ निसर्गाने ओढलेली नाही.

खूप जास्त अँटिबॉडी असेल तर आकडा उलट *कमी* येतो. मण्यावर कॉम्प्लिमेंटचा थर बसतो आणि शोधणारी रंगीत अँटिबॉडी आत पोचत नाही. याला प्रोझोन म्हणतात. सिरम १:१० पातळ करून किंवा ईडीटीए घालून पुन्हा लावलं की १,५०० चे १५,००० झालेले दिसतात. दोन बाळंतपणं, रक्त दिलेलं, आणि तरी आकडा संशयास्पद रीतीने गुळगुळीत असेल तर ही तपासणी मागून घ्या.

तिसरं, वाटून गेलेली अँटिबॉडी. ए२४ वर बीडब्ल्यू४ नावाचा भाग आहे, तो इतर अनेक एचएलएंवरही असतो. अँटिबॉडी बीडब्ल्यू४ विरुद्ध असेल तर ती वीसेक मण्यांवर पसरते आणि प्रत्येकावर थोडीथोडी दिसते. दात्याच्या पेशीवर मात्र ती एकवटते. त्यामुळे ए२४ चा एकटा मणी बघू नका, बीडब्ल्यू४ चे सगळे मणी एका रांगेत लावून बघा.

उलट बाजूही आहे. मण्यावर चिकटवताना एचएलएची घडी मोडते आणि शरीरात कधी न दिसणारा भाग उघडा पडतो. त्याविरुद्धची अँटिबॉडी मण्यावर चमकते, पेशीवर शून्य.

आणि समन्वयकाने लॅबला हे कळवलंच पाहिजे: रुग्णाला रिटक्सिमॅब (बी पेशी घालवणारं औषध) दिलं होतं का, कधी दिलं, एटीजी (टी पेशी घालवणारं औषध) दिलं होतं का. रिटक्सिमॅब दात्याच्या बी पेशीवरच्या सीडी-२० ला चिकटतं आणि बी क्रॉसमॅच खोटा पॉझिटिव्ह येतो. अर्जावर ही एक ओळ नसल्यामुळे चांगले दाते नाकारले जातात.

सिरम शिळं नको. रक्त चढवलं, गर्भपात झाला, तर २ ते ४ आठवड्यांनी नवा नमुना. जुनी सिरमंही टाकू नका. दोन वर्षांपूर्वीच्या सिरममध्ये पॉझिटिव्ह आणि आज निगेटिव्ह, याचा अर्थ अँटिबॉडी ओसरली, ती बनवायला शिकलेली पेशी गेलेली नाही.

---

थायमस

ट्रेवाला यांच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे जाऊ, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

क्रॉसमॅच हा आजच्या सिरमचा हिशेब आहे. प्रत्यारोपणानंतर काही मिनिटांत किंवा तासांत किडनी निळी पडून रक्त गोठतं, ती हायपरअ‍ॅक्यूट घटना आधीपासून असलेल्या अँटिबॉडीमुळे होते. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी क्रॉसमॅचचं महत्त्व दाखवलं आणि ती घटना जवळजवळ संपली. क्रॉसमॅचचं काम तेवढंच. टी पेशी पुढच्या आठवड्यात काय करतील हे तो सांगत नाही, सांगूही शकत नाही, कारण त्यात रुग्णाच्या टी पेशी वापरलेल्याच नसतात.

आणि टी पेशींची अडचण अशी. एखाद्या साध्या विषाणूच्या तुकड्याला ओळखणाऱ्या टी पेशी शरीरात लाखात एखाद-दुसरी. परक्या एचएलएला थेट ओळखणाऱ्या मात्र शंभरात एकापासून दहापर्यंत. म्हणजे कधी न भेटलेल्या परक्या माणसाविरुद्ध फौज आधीच उभी असते.

किडनीबरोबर दात्याच्या डेंड्रायटिक पेशी पाहुण्यासारख्या येतात आणि रुग्णाच्या लसिका गाठींत जाऊन बसतात. तिथे टी पेशी त्यांना थेट बघतात. हा थेट मार्ग, पहिल्या काही महिन्यांतल्या अ‍ॅक्यूट रिजेक्शनचा. या पेशी पुढे संपतात. मग रुग्णाच्या स्वतःच्या पेशी दात्याच्या एचएलएचे तुकडे उचलून दाखवत राहतात. हा अप्रत्यक्ष मार्ग किडनी आहे तोवर चालू राहतो, आणि बी पेशींना नवीन अँटिबॉडी बनवायला मदत मिळते ती इथूनच. वर्षांनंतर उगवणाऱ्या नव्या डीएसएमध्ये डीक्यू विरुद्धच्या सगळ्यात जास्त दिसतात.

औषधं का सोडता येत नाहीत, ते यावरून कळेल. टी पेशीला पेटायला तीन गोष्टी लागतात: एचएलएची ओळख, सीडी-२८ मार्फत दुजोरा, आणि इंटरल्युकिन-२ चा जोर. टॅक्रोलिमस पहिल्या संकेतानंतरची तार तोडतं: कॅल्सिन्युरिन बंद, म्हणून इंटरल्युकिन-२ चं जनुक वाचलं जात नाही. बॅसिलिक्सिमॅब (२० मिलिग्रॅम शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि २० चौथ्या दिवशी) इंटरल्युकिन-२ चा स्वीकारक झाकतं. मायकोफेनोलेट पेशीला ग्वानोसिन बनवू देत नाही. इतर पेशी जुना माल पुन्हा वापरून भागवतात, लिम्फोसाइटला ते फारसं जमत नाही, म्हणून वाढ तिचीच थांबते. यातलं एकही औषध ओळख पुसत नाही. हात बांधतात, इतकंच.

'मॅच' या शब्दाबद्दल. भावंडांत दोन्ही संच जुळण्याची शक्यता २५ टक्के, एक जुळण्याची ५०, एकही न जुळण्याची २५. आईवडील नेहमी अर्धेच जुळतात. पूर्ण जुळणाऱ्या भावंडातही औषधं लागतात, कारण एचएलएखेरीज लहानसहान फरक उरतातच. भावाची किडनी बहिणीला दिली तर वाय गुणसूत्रावरची प्रथिनं तिला परकीच. अपवाद एकाच बीजाच्या जुळ्यांचा. २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलेलं प्रत्यारोपण चाललं ते याच कारणाने.

आता तुमच्या रुग्णाचं काय करायचं? माझा क्रम असा. आधी दुसरा दाता शोधा. मग अदलाबदल, म्हणजे स्वॅप: अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीनंतर तो कायद्यात बसतो, दोन्ही दाते आपापल्या रुग्णाचे जवळचे नातेवाईक हवेत. यातलं काहीच जमलं नाही तर अँटिबॉडी उतरवण्याचा विचार. प्लाझ्माफेरेसिस, म्हणजे रक्तातला प्लाझ्मा काढून टाकणं, एका वेळी रक्तातलं साधारण ६० टक्के आयजीजी काढतं, पण निम्म्याहून जास्त आयजीजी रक्ताबाहेर ऊतींत असतं, ते एक-दोन दिवसांत परत रक्तात उतरतं. म्हणून एक दिवसाआड, आणि प्रत्येक फेरीनंतर आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या तयार अँटिबॉडी) किलोमागे १०० मिलिग्रॅम, म्हणजे हिला साडेपाच ग्रॅम. रिटक्सिमॅब बी पेशी घालवतं, पण अँटिबॉडी ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी-२० नसतो, त्या तशाच राहतात. आकडा खाली आला म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. स्मृतिपेशी असलेल्या रुग्णात तो पहिल्या दोन आठवड्यांत पुन्हा उसळू शकतो, म्हणून तेव्हाच डीएसए पुन्हा मोजायचा. आणि अशा रुग्णाला बॅसिलिक्सिमॅबवर न थांबता एटीजी देण्याकडे कल असतो.

अवांतर: ओ गटाचा दाता बी गटाला चालतो, त्यामुळे रक्तगटाचा अडथळा इथे नाही. पण स्वॅपमध्ये ओ गटाच्या दात्याला फार मागणी असते. तुमच्या या नवऱ्यामुळे दोन जोड्या सुटतील.

---

काचपट्टी

तिसरा प्रश्न माझा. 'तीन दिवस स्टिरॉइड देऊन बघू' यातल्या 'बघू'वर माझा राग आहे.

क्रिएटिनिन १.१ वरून १.५ झालं. कारणं कोणती? जुलाब होऊन पाणी कमी पडलं. टॅक्रो जास्त झालं. मूत्रवाहिनी अडली. धमनी अरुंद झाली. लघवीत जंतुसंसर्ग. बीके विषाणू. टी पेशींचं रिजेक्शन. अँटिबॉडीचं रिजेक्शन. मूळ आजार परतला. रुग्णाला बहुतेक वेळा काहीही जाणवत नाही, आजच्या औषधांखाली किडनी दुखत नाही, ताप येत नाही.

यातल्या बीकेचा उपाय प्रतिकारदमन *कमी* करणे, रिजेक्शनचा उपाय ते *वाढवणे*. दोन्हींत सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइट दिसतात. बीके समजून न घेता स्टिरॉइड दिलं तर विषाणूला मोकळं रान मिळतं. म्हणून बायोप्सीआधी सोनोग्राफी, टॅक्रो पातळी, लघवीची तपासणी, रक्तातला बीके पीसीआर आणि डीएसए. यातून कारण हाती लागलं नाही आणि बेसलाइनपेक्षा २०–२५ टक्के वाढ टिकून राहिली, की सुई.

किडनी कंबरेच्या खळग्यात त्वचेखाली जवळच असते, त्यामुळे सोनोग्राफी बघत १६ किंवा १८ गेजच्या सुईने तुकडा घेणं मूळ किडनीपेक्षा सोपं. आधी रक्तदाब आटोक्यात, प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) बघितलेले, अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलबद्दल विचारलेलं. दोन तुकडे घ्या. किमान १० ग्लोमेरुलाय (रक्त गाळणारे गुच्छ) आणि २ धमन्या आल्या तर नमुना पुरेसा. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, दुसऱ्यातला भाग गोठवून सी४डी (अँटिबॉडीने कॉम्प्लिमेंट पेटवल्याची खूण) साठी. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवतात आणि मग विचारतात, सी४डी अंधूक का आला. गोठवलेल्या तुकड्यावर तो जास्त स्पष्ट येतो, म्हणून.

वाचन बॅन्फ पद्धतीने. कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१ च्या बैठकीत ती सुरू झाली. नलिकेच्या एका छेदात ५ ते १० लिम्फोसाइट म्हणजे टी२ ही श्रेणी, दहाच्या वर टी३. सोबत कॉर्टेक्सचा (किडनीच्या बाहेरच्या थराचा) चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग भरलेला हवा. टी२ म्हणजे १ए, टी३ म्हणजे १बी. धमनीच्या अस्तराखाली पेशी शिरल्या की दुसरी पायरी. पहिल्या पायरीला मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ५०० मिलिग्रॅम शिरेतून तीन दिवस, काही ठिकाणी २५०. प्रतिसाद नाही, किंवा धमनी धरलेली, तर एटीजी.

अँटिबॉडीचं रिजेक्शन नलिकांत नाही, केशवाहिन्यांत दिसतं. ग्लोमेरुलसमध्ये आणि नलिकांभोवतीच्या केशवाहिन्यांत पेशी अडकलेल्या, सी४डी ची रेघ. सी४डी नसला तरी निदान होऊ शकतं, हे २०१३ पासून बॅन्फमध्ये मान्य आहे. इथे नुसत्या स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. तुमच्या डीक्यू६ वाल्या रुग्णाला तीन दिवस स्टिरॉइड देऊन 'बघितलं', तर तेवढे दिवस अँटिबॉडी केशवाहिन्यांचं अस्तर खरवडत राहील.

---

टिपणवही

तिघांचेही आभार. दोन पुरवणी प्रश्न. डायलिसिसवरच्या रुग्णाला रक्त द्यावंच लागलं तर ल्युकोरिड्यूस्ड (पांढऱ्या पेशी गाळलेली) पिशवी दिली की अँटिबॉडी बनत नाही, असं टिपणात लिहिलंय. बरोबर? आणि टॅक्रोची पातळी वरखाली होण्याची कारणं आपल्याकडच्या रुग्णांच्या संदर्भात कुणी लिहील का?

---

ट्रेवाला

'बनत नाही' खोडा, 'शक्यता कमी होते' लिहा. गाळणीनंतरही पिशवीत काही लाख पांढऱ्या पेशी राहतात. आणि रेडिएशन दिलेली पिशवी म्हणजे ल्युकोरिड्यूस्ड नव्हे. रेडिएशन दात्याच्या लिम्फोसाइटची वाढ थांबवतं, एचएलए जागेवरच राहतो. खरा उपाय रक्त टाळणे: लोह आणि एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारं औषध) वेळेवर.

---

गोळीचा_डबा

पातळीबद्दल.

सुरुवात साधारण दिवसाला किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, दोन भागांत. ५५ किलोला सकाळी ३, संध्याकाळी २.५ असं काहीसं, पुढे पातळी बघून. पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक केंद्रं ८ ते १० नॅनोग्रॅम धरतात, पुढे ५ ते ८. डीएसए असलेल्या रुग्णाला पाचच्या खाली घसरू देऊ नये. एखाद्याला दुप्पट डोस देऊनही पातळी चढत नाही, तेव्हा तो गोळ्या चुकवतो असं लगेच धरू नका. यकृत-आतड्यातलं सीवायपी३ए५ हे एन्झाइम चालू असलेल्यांना दीडपट-दुप्पट डोस लागतोच.

पातळी पाडणाऱ्यांत आपल्याकडे पहिला नंबर रिफाम्पिसिनचा. टीबीचे उपचार सुरू झाले की आठवड्याभरात टॅक्रो कोसळतं, डोस कित्येक पट वाढवूनही पुरत नाही. शक्य तिथे रिफाब्युटिन वापरतात किंवा रिफाम्पिसिनशिवायची योजना करतात. लोक विसरतात तो भाग पुढचा: रिफाम्पिसिन बंद केल्यावर दोनेक आठवड्यांत एन्झाइम मूळ जागी येतं आणि वाढवलेला डोस विषारी ठरतो. फेनिटॉइनचंही तसंच.

चढवणाऱ्यांत फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन. डिल्टियाझेमने पातळी चढते म्हणून काही डॉक्टर ते मुद्दाम देतात, गोळ्यांचा खर्च वाचतो. मग कुणी परस्पर बीपीची गोळी बदलली की पातळी पडते आणि कारण सापडत नाही. पपनस वर्ज्य. गणपतीच्या दिवसांत ते घरोघरी येतं, तेव्हा आठवण करून द्या. मोसंबी, संत्र्याचं तसं नाही.

जुलाबाने पातळी *वाढते*, हे समन्वयकांना पटत नाही. आतड्याचं अस्तर टॅक्रोचा बराचसा भाग रक्तात जाण्याआधीच मोडतं, जुलाबात ते अस्तर खराब होतं. जुलाब आणि वाढलेलं क्रिएटिनिन एकत्र दिसलं तर पाण्याबरोबर टॅक्रोही बघा.

गुळवेल, अश्वगंधा 'प्रतिकारशक्ती वाढवायला' म्हणून कुणी देतं. नाव ऐकूनच नको म्हणा, इथे प्रतिकारशक्ती वाढवायचीच नाहीये. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनही नकोत, टॅक्रोबरोबर ते किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळतात.

दुकानदार दिवसातून एकदाची कॅप्सूल दोनदाच्या जागी देतो, ही चूक नेहमीची. दोन्हींवर मिलिग्रॅमचा आकडा सारखाच असतो. कंपनी बदलली तरी आठवड्यात पातळी.

आणि वय ३८ लिहिलंय म्हणून: मायकोफेनोलेटवर असताना गर्भधारणा चालत नाही. मूल हवं असेल तर किमान सहा आठवडे आधी ते थांबवून अझाथायोप्रिनवर आणतात. कुणी अझाथायोप्रिनवर असताना युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केलं तर पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जातात, हे त्याच पानावर लिहा.

---

टिपणवही

सगळं टिपून घेतलं. रक्त काढण्याची ओळ अशी केली: 'सकाळी ९ च्या गोळीआधी, आदल्या रात्री ९ च्या गोळीनंतर बारा तासांनी, साध्या लाल टोपणाच्या नळीत.' चालेल ना?

---

गोळीचा_डबा

वेळ बरोबर. नळी चुकली. टॅक्रो तांबड्या पेशींत बसतं, त्यामुळे सिरम चालत नाही, पूर्ण रक्त लागतं. जांभळं टोपण, ईडीटीए. आणि गोळी सोबत घेऊन यायला सांगा, रक्त दिल्याबरोबर घ्यायची असते. नाहीतर लॅबची रांग संपेपर्यंत नऊची गोळी बाराला जाते.